इसाराचं घंगाळ

ज्या वर्षी अमरावतीत बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसल्या, त्या वर्षी अख्ख्या परकोटात एक शहाणा माणूस शोधून सापडला नसता. मी पुरुषांविषयी बोलते आहे. सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखातली माणसं आपापसांत लढत होती, त्यामुळे विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना एकाएकी सोन्याचा भाव आला. कालपर्यंत ज्यांच्या पागोट्याला ठिगळ होतं ते आज कानात अत्तराचा फाया खोचून बाजारात मिरवू लागले. आणि पैसा आला की माणसाला घर आठवतं. ज्याला त्याला माडी हवी. घरात माणसं दोन, त्यातल्या एकाचे गुडघे धरलेले, जिना चढायची पंचाईत. तरी माडी हवीच, कारण शेजाऱ्यानं काढली.

आता माडी काढायची तर मिस्त्री लागतो, आणि मिस्त्री काही शेतात उगवत नाही. गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतके गवंडी, त्यांच्यामागे सारं गाव. लोक इतके हुशार, की एकाच कामासाठी चार मिस्त्र्यांच्या हातावर इसाराचा रुपया ठेवायचे. जो आधी येईल त्याचं काम. बाकीच्यांचा रुपया बुडाला तर बुडाला, रुपयाला विचारतो कोण? मिस्त्री बिचारा थापी-ओळंबा घेऊन दारात यावा, तर तिथे दुसऱ्याच कोणाची भिंत कमरेएवढी उभी.

नत्थुजी मिस्त्रीच्या बाबतीत हे इतक्या वेळा झालं की त्याचं डोकंच फिरलं. माणूस कामाला सोन्यासारखा, पण जिभेनं लबाड आणि मनानं चुकार. त्यानं ठरवलं, आता रुपयाचा इसार घ्यायचाच नाही.

"रुपये आता कुत्र्याच्याबी गळ्यात हायेत," तो म्हणायचा. "इसार असा पायजे, का त्याच्याबिगर तुमचं अडलं पायजे. मंग तुमी दुसऱ्या मिस्त्र्याकडे जाता कसे, थे पायतो मी."

आणि खरंच तो घरात शिरला की भिंतींआधी वस्तू पाहायचा. पार्बताबाईला ओसरीचा ओटा वाढवून हवा होता. तिच्या घरून त्यानं जात्याची वरची तळी उचलली. जमुनेला माजघराला खिडकी हवी होती. तिच्या तान्ह्या पोराचा पाळणाच त्यानं कडीवरून काढून खांद्यावर टाकला. पिंजारी गल्लीतल्या रजियाबीला पावसाआधी मागची भिंत नव्यानं बांधून घ्यायची होती. रजियाबीचा नवरा कापूस पिंजायचा आणि ती दिवसभर पान खायची. नत्थुजीनं तिचं पानदान नेलं. त्याची नजर चुकली असं कोणी म्हणू शकणार नाही.

आणि एवढ्यावर तो थांबायचा नाही. निघताना मुहूर्त म्हणून कामाच्या जागी काहीतरी पाडून जायचा. कुठे दोन विटा, कुठे कोपरा. एकदा पाडलं की गिऱ्हाईक पुरतं बांधलं गेलं.

आता मनकर्णेकडे येते. कारण हे सगळं तिच्या न्हाणीवरून झालं.

मनकर्णा ही महादेवरावांची बायको. नांदगावाकडच्या रस्त्याला त्यांची काळीभोर जमीन, गावात चौकाजवळ घर. महादेवराव माणूस वाईट नव्हते. त्यांनी बैलांना चांदीच्या शेंब्या घातल्या, छकड्याला रंग दिला, पितळी पिंजऱ्यात पोपट आणला, आणि माडीचे खांब उभे केले. बायकोला काय हवं ते विचारायचं मात्र राहून गेलं. मनकर्णेला न्हाणी हवी होती. चार भिंतींची, दाराची, आतून कडी लावायची.

लग्न होऊन आल्यापासून ती परसात पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या, कुडामागे आंघोळ करत होती. उजाडायच्या आत, नेसत्या लुगड्यानिशी, एक डोळा कुडाच्या फटीवर ठेवून. पऱ्हाट्या वाळायच्या, मोडायच्या, फटी पडायच्या, आणि पलीकडच्या गल्लीत कोणी खाकरलं की तांब्या हातातच राहायचा. पाठीला कधी नीट हात लागला नाही. गरम पाण्याचं घंगाळ भरलेलं असायचं आणि ती चार तांबे अंगावर ओतून पळायची. तिला ह्याचा राग होता, आणि तो इतक्या वर्षांचा होता की घरात कोणाला तो दिसतच नसे.

"माडी झाली का तुही न्हाणीबी करून टाकू," महादेवराव म्हणायचे.

"माडीवर मी न्हाऊ काय?" असं तिच्या ओठांवर यायचं. पण ती भाजीला फोडणी द्यायची.

शेवटी तिनंच नत्थुजीला बोलावणं धाडलं. नत्थुजी आला, परसात फिरला, आणि त्याची नजर घंगाळावर गेली. तांब्याचं, रुंद तोंडाचं, दोन कड्यांचं घंगाळ. मनकर्णेच्या बापानं लग्नात दिलेलं.

"हे देता का?"

"अन् मी न्हाऊ कशात?"

"म्हनूनच त मांगून राहिलो बाई. परवाच्या दिवशी येतो. परवा पाया, चार दिवसांत न्हाणी."

तिनं घंगाळ दिलं. नत्थुजीनं नारळ फोडला, पान घेतलं, आणि जाताजाता पऱ्हाट्यांचा तो कुड एका लाथेत आडवा केला. "जागा मोकळी केली," म्हणाला.

परवा आला आणि गेला. तेरवाही गेला. नत्थुजी कुठे होता? जिथे जास्त भाव मिळेल तिथे होता. एका घरी दोन थर, दुसऱ्या घरी चौकट, तिसऱ्या घरी नुसतं पान. आणि मनकर्णेकडे आता ना कुड, ना घंगाळ. तिनं बाज उभी केली, तिच्यावर गोधडी टाकली, आणि त्याच्याआड पाटावर बसून मडक्यातलं पाणी घ्यायला लागली. एक दिवस वारा सुटला आणि बाज गोधडीसकट तिच्या अंगावर आली. पलीकडे छकडा थांबल्याचा आवाज आला. मनकर्णा गोधडीखाली तशीच पडून राहिली, छकडा जाईपर्यंत. रडली नाही. दात मात्र कराकरा खाल्ले.

त्याच दिवशी दुपारी दोन बातम्या आल्या. पहिली महादेवरावांनी जेवता जेवता सांगितली. "तिकडची लढाई सरत आली म्हनतात. आडत्या म्हने, भावाचं काही खरं नाही." आणि पानातल्या भाकरीकडे पाहत म्हणाले, "आता हात जरा आवरताच घ्यावा लागते." मनकर्णेनं वाढता वाढता ऐकलं. भाव पडला तर माडी अर्धी राहील, पण राहील. बैलांच्या शेंब्याही राहतील. कात्री पहिली कुठे लागणार हे तिला कोणी सांगायला नको होतं. भाव पडायच्या आत भिंती उभ्या राहिल्या तर राहिल्या. नाहीतर हा जन्म पऱ्हाट्यांमागे गेला.

दुसरी बातमी रजियाबीनं आणली. ती मागच्या दारातून आली ती कपाळाला पट्टी बांधूनच. पानाविना तिचं डोकं चढलं होतं.

"सुनी क्या? तुमचा मिस्त्री अकोल्याले चालला. तिथल्या कोन्या सेठाची हवेली बांधाची हाय. आठ दिवसांत गाडी येनार न्यायले. फिर बैठो सब के सब."

मनकर्णेनं विचारलं, "अन् मायं घंगाळ?"

"घंगाळ उसके घर में. मेरा पानदान भी." रजियाबी कण्हली आणि चिडून म्हणाली, "मैं बोलती, जिसके घर में घंगाळ, उसीच के घर में जाके नहाओ!"

ती गमतीनं बोलली होती. पण मनकर्णा तिच्याकडे पाहतच राहिली.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर, चांगलं ऊन पडल्यावर, मनकर्णा डोक्यावर सरपणाची मोळी, काखेत कोरडं लुगडं आणि हातात शिकेकाईची वाटी घेऊन भर रस्त्यानं निघाली आणि नत्थुजी मिस्त्रीच्या दारात जाऊन उभी राहिली.

नत्थुजीची न्हाणी गावात नाव घेण्यासारखी होती. दगडी फरशी, चुन्याचा गिलावा, सागवानी दार. हौसेनं बांधली नव्हती त्यानं. त्याची बायको शकुन लग्नाच्या पहिल्याच वर्षी माहेरी जाऊन बसली होती, आणि न्हाणीला दार लागल्याचा निरोप आल्यावरच परतली होती. त्या शकुनेनं दार उघडलं.

"मायं घंगाळ तुमच्याकडे हाय," मनकर्णा शांतपणे म्हणाली. "म्हनून न्हायाले आली. पानी तापवू का?"

शकुन आधी भडकली. मग तिनं मोळीकडे पाहिलं, लुगड्याकडे पाहिलं, आणि बाजूला सरली. ओसरीवर लोकांची घंगाळं, पाळणे, पाटे-वरवंटे, दिवे ह्यांचा असा ढीग लागला होता की तिला स्वतःच्या घरात आडवं चालावं लागत होतं. नवऱ्यावर तिचाही दात होताच.

मनकर्णेनं आतून कडी लावली आणि आंघोळ केली. सावकाश. न्हाणीबाहेर शकुन चूल फुंकत होती. तेवढ्यात नत्थुजी कामावर निघण्यासाठी अंगावर दोन तांबे घ्यावेत म्हणून परसात आला. शकुन किंचाळली, "माघारी फिरा! आत बाईमानूस न्हाऊन राह्यलं!" नत्थुजी पंचा सावरत रस्त्यावर.

आता बातमी गावात जायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी मनकर्णेमागोमाग पार्बताबाई आली, सुपात ज्वारी घेऊन. तिच्या जात्याची वरची तळी मिस्त्रीकडे होती, म्हणून खालची तळी तिनं गड्याच्या डोक्यावर देऊन आणली आणि ओसरीवर मांडून दळायला बसली. गळाही तिचा मोठा. त्यामागून जमुना आली. तिनं मिस्त्रीच्याच आढ्याला दोर बांधून पाळणा टांगला आणि पोराला त्यात घातलं. पोरगं पोटदुखीचं. ते रडायला लागलं की जात्याचा आवाज दबायचा. आणि रजियाबी उंबऱ्याशी मांडी घालून बसली, पानदान पुढ्यात घेऊन. पहिलं पान तोंडात गेल्यावर तिनं डोळे मिटले, कपाळाची पट्टी सोडली, आणि ती त्या घराची राखणदारीण झाली.

ह्याचं पुढे जे झालं त्याची नत्थुजीनं स्वप्नातही कल्पना केली नव्हती. ज्या ज्या घरचं काम अडलं होतं तिथली बाई त्याच्या घरी येऊ लागली. एकीची आंघोळ होते न होते तोच दुसरीची. भरल्या घरात बायका केस मोकळे सोडून बसलेल्या, कोणी वेणी घालते आहे, कोणी ओलं लुगडं वाळत घालते आहे. अशा घरात पुरुषानं पाऊल कसं टाकावं? तो दाराशी आला की रजियाबी पानाचा तोबरा एका गालात सरकवायची.

"ठैरो मिस्त्री. अंदर औरतां नहा रई."

"मायं घर हाय हे!"

"होय ना. हम कहां बोले हमारा है?"

तिसऱ्या दिवसापर्यंत नत्थुजीच्या अंगाला वास यायला लागला. अंगरखा घरात, जेवण घरात, थापी घरात. तो समोरच्या लिंबाखाली बसून राहायचा आणि जाणारे-येणारे विचारायचे, "काय मिस्त्री, आज आंघोळीचा नंबर लागते का?" रात्री बायका जायच्या तेव्हा शकुन आतल्या दाराला कडी घालून ओसरीवरच उरलंसुरलं वाढायची आणि शांतपणे म्हणायची, "लय चांगल्या बाया हायेत. मले करमते."

नत्थुजी गवंडी असला तरी मूर्ख नव्हता. चवथ्या दिवशी त्यानं मनकर्णेचं घंगाळ डोक्यावर घेतलं आणि थेट महादेवरावांच्या दारात नेऊन ठेवलं. महादेवराव खुश झाले. बायको रोज भर रस्त्यानं मिस्त्रीकडे न्हायला जाते म्हणून चौकात त्यांना तोंड लपवावं लागत होतं.

"घे वं तुहं घंगाळ! मिटला तंटा."

मनकर्णा ओसरीवर आली, पदर खोचला, आणि घंगाळाला हातसुद्धा लावला नाही.

"इसार वापस घेतला म्हंजे सौदा मोडला," ती म्हणाली. "मी सौदा नाही मोडला. तुमी मोडून राहिले काय, मिस्त्री? मोडत असान त चार मानसांत सांगा, का नत्थुजीनं इसार घेऊन काम टाकलं."

इसार परत करून मोकळं होण्याचा तर नत्थुजीचा डाव होता. गिऱ्हाइकाला बांधायला त्यानं जो दोर वळला होता, त्याचं दुसरं टोक स्वतःच्याच कमरेला आहे हे त्याला आत्ता कळलं. महादेवरावांनाही मधे पडता येईना, कारण बायको कायद्यानं बरोबर बोलत होती आणि हे त्यांच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होतं. घंगाळ पुन्हा डोक्यावर घेऊन मिस्त्री माघारी निघाला. बाकीच्यांकडेही जाऊन पाहिलं त्यानं. पार्बताबाईनं तळी घेतली नाही, जमुनेनं पाळणा घेतला नाही. रजियाबीसमोर पानदान धरलं तेव्हा तिचा हात पुढे झाला आणि मागे गेला. माझ्या मते त्या साऱ्या प्रकरणात खरा त्याग एवढाच.

आणि मग अकोल्याहून गाडी आली. रंगीत दमणी, तिच्यात सेठाचा मुनीम, डोक्याला लाल पगडी. नत्थुजीचा जीव भांड्यात पडला. तो लिंबाखालून उठला, पण थापी घरात, ओळंबा घरात, आणि दारात रजियाबी. मुनीम खाली उतरला. आतून जात्याची घरघर, पोराचा टाहो, पार्बताबाईचं गाणं, न्हाणीतून पाण्याचा आवाज, आणि दोरीवर गावातल्या अर्ध्या घरांची लुगडी. मुनीमानं विचारलं, "हे मिस्त्रीचं घर की धर्मशाळा?"

"मिस्त्रीचंच," रजियाबी अदबीनं म्हणाली. "ये सब इसार में आएले लोगां हैं, मुनीमजी. मिस्त्री जिसके बगैर अडता, वोच चीज इसार में लेता. इसका घंगाळ लिया, उसका पाळना लिया." मग तिनं आवाज खाली आणला. "सेठ को बोलो, तिजोरी की चाबी निकाल के रखना. सेठ का और काहे के बगैर अडता?"

मुनीमानं नत्थुजीकडे पाहिलं. दाढी वाढलेली, अंगाला वास, डोळे लाल.

"खोटं बोलून राह्यली थे!" नत्थुजी ओरडला. "म्या चाबी कधी मांगली?"

"अजून मांगली नाही," घरातून शकुनेचा आवाज आला. बायकोनं नवऱ्याच्या बाजूनं दिलेली साक्ष ती एवढीच.

मुनीम दमणीत चढला तो परत उतरला नाही. धुरळा खाली बसेपर्यंत नत्थुजी त्या रस्त्याकडे पाहत उभा होता. मग तो स्वतःच्या पायरीवर बसला आणि हात जोडले.

"सांगा मायहो. पयलं कोनाचं?"

ह्यावर बायकांत जुंपली, हे सांगायलाच हवं. पार्बताबाई म्हणे वय माझं मोठं, जमुना म्हणे पोरगं माझं लहान. निवाडा शकुनेनं केला. बाकीच्यांच्या वस्तू गेल्या, पण मनकर्णाबाईचा आडोसा गेला, तेव्हा पहिली न्हाणी तिची. ते साऱ्यांना पटलं. प्रत्येकीच्या परसात कुठला ना कुठला कुड होताच.

नत्थुजीनं ती न्हाणी बांधली तशी गावात दुसरी नव्हती, त्याच्या स्वतःच्या घरची धरून. मनकर्णा बाज टाकून समोर बसायची आणि दर थराला म्हणायची, "अजून वर घ्या."

"बाई, आता त हत्तीवरून गेला तरी दिसनार नाही कोनाले."

"अन् हत्तीवर उभा राह्यला त?"

तो आणखी दोन थर चढवायचा. महादेवराव बाजारातून रोज मान जरा आणखी खाली घालून यायचे. माडीच्या कामावरचे गडी त्यांनी थांबवले. एकदा न्हाणीच्या भिंतीपाशी येऊन ते म्हणाले, "दार साधंच लावा, सागवानाचं काहून पायजे?" मनकर्णा नत्थुजीकडे बघत राहिली, आणि नत्थुजीनं सागवानी दार त्याच दिवशी दिवेलागणीच्या आत बसवून टाकलं. तो आता कोणाला जास्त भ्यायचा हे उघड होतं.

दुसऱ्या दिवशी मनकर्णा पहाटे उठली आणि आंघोळीला गेली नाही. सडा घातला, स्वैपाक केला, साऱ्यांना जेवू घातलं. मग भर दुपारी, लख्ख उन्हात, तिनं पाणी तापवलं, परत आलेलं घंगाळ काठोकाठ भरलं, आत गेली आणि कडी लावली. लुगडं सोडून खुंटीला टांगलं. झरोक्यातून उन्हाचा एक पट्टा फरशीवर पडला होता. तिनं आपल्या पायांकडे पाहिलं, पोटाकडे पाहिलं. उजेडात आपलं अंग तिनं लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. तिला हसू आलं आणि डोळे भरून आले, आणि दोन्ही कोणाला दिसलं नाही, ह्याचाच तिला फार आनंद झाला.

तेवढ्यात पुढचं दार धाडकन वाजलं. महादेवराव, पागोटं हातात, धापा टाकत परसात आले.

"अवं! कुठी हायस? तार आली मुंबईहून! भाव पडला! कापसाले कोनी कुत्रंबी विचारून नाही राह्यलं!"

आतून पाण्याचा आवाज थांबला.

"आयकून राह्यली का तू?"

"आयकलं."

"मंग बाहीर ये नं!"

मनकर्णेला त्यांची दया आली, अगदी मनापासून. ती बाहेर जाईल, त्यांना पाणी देईल, पाठीवर हात ठेवेल. उद्या हातातले गोठ काढून त्यांच्यापुढे ठेवील, आणि पुन्हा कोरड्या भाकरीचा संसार करील. हे सगळं ती करणार होती. त्यात तिला शंका नव्हती आणि त्यांनाही नसावी.

तिनं घंगाळात वाकून पाहिलं. पाणी अजून अर्ध्याच्या वर होतं, आणि चांगलं कडक होतं. तिनं तांब्या भरला.

"ओट्यावर बसा जरा," ती म्हणाली. "मायी पाठ घासाची राह्यली."